कॉर्डलेस फोन घेताना किरणांपेक्षा विजेची काळजी करा

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमध्ये सकाळची गर्दी चर्चगेटच्या लोकलने निघून गेली, की बऱ्याच घरांत मागे उरतात ते सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. त्यांच्याकडे मोबाइल असतो. पण तो चार्जिंगला लावलेला, चुकून सायलेंटवर गेलेला किंवा उशीखाली हरवलेला. इंटरनेटच्या जोडणीबरोबर लँडलाइन आलेलीच असते, तर तिला एखादा बिनवायरचा फोन लावू या, असा विचार मग घरात सुरू होतो. आणि दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो किरणांचा. याने कॅन्सर तर होत नाही ना?

भीती निराधार नाही, पण ती नेमकी किती ते पाहायला हवं. आज मिळणारे बहुतेक कॉर्डलेस फोन ‘डेक्ट’ या पद्धतीवर चालतात. आपल्याकडे त्यांच्या लहरी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. हँडसेट सलग लहरी सोडत नाही. सेकंदाचा शंभरावा भाग चोवीस तुकड्यांत वाटलेला असतो आणि हँडसेट त्यातल्या एकाच तुकड्यात बोलतो. त्या क्षणी त्याची ताकद २५० मिलिवॉट असली, तरी सरासरी जेमतेम दहा मिलिवॉट भरते. मोबाइलची कमाल ताकद याच्या कितीतरी पट असते. शिवाय घरात रेंज कमी असेल, तर मोबाइल आपली ताकद आणखी वाढवतो.

या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींमधले रासायनिक बंध तोडू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या यादीत टाकलं, हे खरं. त्याच यादीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुढे त्याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २२ देशांतले ६३ अभ्यास त्यात तपासले होते. मोबाइलच्या वापराने मेंदूचा कर्करोग वाढल्याचं त्यात दिसलं नाही. कॉर्डलेसबाबतही निष्कर्ष तसाच होता. फक्त तिथला पुरावा मोबाइलइतका भक्कम नव्हता.

तरीही मन मानत नसेल तर एक सोपा उपाय आहे. बहुतेक डेक्ट फोनचा बेस, म्हणजे भिंतीच्या वायरला जोडलेला डबा, कोणी बोलत नसतानाही हँडसेटला सतत हाका मारत असतो. तो उशाशी ठेवू नये. अर्ध्या मीटरवरचा बेस दोन मीटरवर नेला की शरीरापर्यंत पोचणारी ताकद साधारण सोळापट कमी होते. ‘इको’ सोय असलेल्या काही मॉडेलांत या हाका बंदही करता येतात. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी हँडसेट सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये; पेसमेकरपासून वीतभर दूर, दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. किरणांचा विषय एवढ्यावर संपवायला हरकत नाही.

खरी अडचण दुसरीकडेच आहे आणि दुकानदार ती सहसा सांगत नाही. कॉर्डलेस फोन घरातल्या विजेवर चालतो. जुन्या वायरच्या फोनला घरच्या विजेची गरजच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून तांब्याच्या तारेने सुमारे ४८ व्होल्ट घरापर्यंत यायचे, त्यामुळे इमारतीचे लाइट गेले तरी डायल टोन शाबूत असे. कॉर्डलेसचं तसं नाही. हँडसेटची बॅटरी भरलेली असते, पडदा उजळतो, आकडेही दाबले जातात. पण बेस मेलेला असल्यामुळे फोन लागत नाही. गाफील ठेवणारी गोष्ट हीच, कारण हातातला फोन चालू दिसतो.

त्यात आता तांब्याच्या तारा जाऊन फायबर आलं. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणजे बेसच्या आधी भिंतीवरचं मोडेम बंद पडतं आणि त्याला वायरचा साधा फोन लावलेला असला, तरी तोही मुका होतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याच्या मोठ्या भागातली वीज एकाच वेळी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते आठवून पाहावं. अशा वेळी बाहेर गेलेला मुलगा लवकर घरी पोचत नाही आणि आत आजींच्या हातात मुका फोन असतो.

म्हणून फोनच्या रंगरूपाआधी घरी काय आहे ते बघावं. तांब्याची लाइन अजून चालू असेल, तर कॉर्डलेसच्या जोडीला एक वायरचा फोन काढून न टाकता लावून ठेवावा. फायबर असेल, तर मोडेम आणि कॉर्डलेसचा बेस दोन्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्यावेत. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस स्वस्त पडतो. पण तो बहुधा बारा व्होल्टचा असतो आणि बेसचा अडॅप्टर अनेकदा त्याहून कमी व्होल्टचा, तेव्हा आकडे जुळल्याशिवाय बेस त्याला लावू नये. काही मॉडेलांत हँडसेट बेसवर ठेवला की त्याच्याच बॅटरीवर बेस काही वेळ चालतो. अशी सोय आहे का, हे मुद्दाम विचारावं. जोडणी झाल्यावर घराचा मेन स्विच बंद करून एक फोन लावून बघावा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते फारसं कुणी करत नाही.

दुसरा प्रश्न फोन नेमका कुठे असतो, हा. जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांत साठीपुढच्यांची संख्या सर्वांत मोठी. पडण्याइतकंच वाईट असतं ते पडून राहणं. तासन् तास एकाच अंगावर पडल्याने स्नायू खराब होऊन मूत्रपिंडांवर ताण येतो, अंगाला जखमा होतात, पाणी कमी पडतं. इंग्लंडमधल्या केंब्रिज इथे नव्वदीपुढच्या वृद्धांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पडलेल्यांपैकी ८० टक्क्यांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आलं नव्हतं आणि ३० टक्के जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर होते. मदतीची घंटा असलेल्या, पण एकटे असताना पडलेल्या बहुतेकांनी ती वापरलीच नाही.

कॉर्डलेसचा खरा उपयोग इथे आहे. मात्र हँडसेट दिवसभर हॉलमधल्या शोकेसवर चार्जिंगला उभा असेल, तर तो वायरच्या फोनपेक्षा जराही चांगला नाही. हलका, गाऊनच्या खिशात मावणारा किंवा क्लिपने अडकणारा हँडसेट घ्यावा. शक्य असेल तर दोन हँडसेटचा जोड घ्यावा. दुसऱ्याला फोनची लाइन लागत नाही, फक्त चार्जरपुरतं सॉकेट लागतं. तो पलंगाजवळ आणि खाली बसूनही हात पोचेल इतक्या उंचीवर असावा.

ऐकण्याचा मुद्दा अनेकदा आवाज मोठा की लहान, एवढ्यावरच सोडला जातो. वयोमानाने आधी जातात ते वरच्या पट्टीतले सूर. त्यामुळे चिरक्या रिंगटोनऐवजी खालच्या पट्टीतली, जाड आवाजाची रिंग निवडावी. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते कानात घालूनच दुकानात फोन तपासावा. डेक्टच्या तुटक लहरींमुळे काही यंत्रांत गुणगुण ऐकू येते. श्रवणयंत्रात टेलिकॉइल असेल, तर त्याला जुळणारा हँडसेट मिळतो का पाहावं; नसेल, तर चांगला स्पीकर हवा. मोठी, उजळणारी बटणं तर हवीतच.

खोक्यावर घरात पन्नास मीटर, मोकळ्यावर तीनशे मीटर असं छापलेलं असतं. ते आकडे सिमेंटच्या भिंती आणि लोखंडी कपाटं धरून नसतात. बोलत बोलत बाथरूमच्या दारापर्यंत चालून पाहावं. २.४ गिगाहर्ट्झचे कॉर्डलेस टाळावेत, त्यांची वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनशी झटापट होते. न्यू जर्सीहून भाच्याने आणलेला फोन तर लावूच नये. तिथले डेक्ट फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइलचा आहे. शिवाय त्यांचा अडॅप्टर ११०-१२० व्होल्टचा असला, तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळणार.

जेसल पार्कला खाडी जवळ आहे. खाऱ्या दमट हवेत चार्जिंगच्या पट्ट्यांवर थर चढतो आणि रात्रभर ठेवूनही हँडसेट भरत नाही. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने त्या पुसाव्यात. आतले सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे, १.२ व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे असतात. ते थकले की रिमोटचे साधे सेल तिथे घालू नयेत. चार्ज करताना ते गळतात, फुटूही शकतात.

नंबर साठवताना आणखी एक गोष्ट. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. मुलाचा, सुनेचा, डॉक्टरांचा नंबर शून्यासकट एकेका बटणावर भरून द्यावा आणि प्रत्येक बटण आजींच्या हातूनच एकदा दाबून घ्यावं. १०८ आणि ११२ ला शून्य नको.