कारवानी पिल्लाचा पहिला हंगाम

बाजरीची कणसे खुडून झाली आणि पाऊस मागे सरला, की माणदेशाचा माळ मोकळा होतो. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सारा पर्जन्यछायेचा टापू. खुरटे गवत, तुरळक बोरी-बाभळी आणि दूरवर पोहोचणारी नजर. नाकापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवून धावणाऱ्या कुत्र्याला याहून सोयीची भूमी क्वचितच मिळेल. लांबट तोंडाचा, खोल छातीचा, पोट आत ओढलेला कारवानी कुत्रा येथे पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो यामुळेच. गेल्या हिवाळ्यात जन्मलेले पिल्लू याच दिवसांत प्रथम माळावर नेले जाते. त्याचे पुढचे वळण बरेचसे या तीन-चार महिन्यांत ठरते.

या कुत्र्याची नावे अनेक. अंगावर आखूड केस असलेला तो कारवानी. कान-शेपटीवर रेशमी झालर असलेला तो पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत तो ‘कारवान हाउंड’ म्हणून ओळखला जातो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या नोंदीत ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. दुसरे नाव आज कर्नाटकात असलेल्या मुधोळ संस्थानावरून पडले. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी श्वानांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडही होता. २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला आणि शहरांत त्याचे कौतुक वाढले. मात्र हा कुत्रा घडला तो राजवाड्यापेक्षा अधिक मेंढपाळाच्या वाड्यावर आणि शेतकऱ्याच्या बांधावर.

पूर्वीच्या काळी पहिल्या हंगामाची कसोटी एकच असे, ती म्हणजे ससा. जाणत्या कुत्र्यासोबत तरणा कुत्रा सोडला जाई. ससा सरळ पळत नाही. कुत्रा अंगाशी येताच तो एकदम वळतो आणि वेगाच्या भरातला अननुभवी कुत्रा पाच-दहा पावले पुढे निघून जातो. हे वळण ओळखायला शिकणे हेच खरे शिक्षण मानले जाई. दोन-चारदा फसल्यावर हुशार पिल्लू आंधळा वेग टाकून अंदाज घेऊ लागे. मालकाला हाक मारण्यापलीकडे फारसे काम नसे.

ती कसोटी आता कायद्याने बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन करायच्या शिकारीचे दारही जवळपास मिटले. ससा हा संरक्षित वन्यप्राणी आहे. ‘ससा मारला नाही, नुसता कुत्रा मागे सोडला’ हा बचाव अनेकांना पुरेसा वाटतो, पण कायद्याने शिकारीची व्याख्या करताना वन्यप्राण्याचा कुत्र्यांकरवी पाठलाग आणि तसा प्रयत्नही तीत धरला आहे. म्हणजे ससा निसटला तरी गुन्हा घडतोच. या माळांवर लांडगा आणि खोकडही आहेत, आणि ससा त्यांचेही भक्ष्य आहे, हे विसरून चालत नाही.

कायदा बदलला तरी कुत्र्याचा स्वभाव बदललेला नाही. पळणारे काहीही दिसले की त्याचे कान टवकारतात आणि पुढच्या क्षणी तो हाकेच्या पलीकडे असतो. त्यामुळे आज पहिल्या हंगामात त्याला शिकवायचे ते धावणे नव्हे, थांबणे. सहा महिन्यांचा होण्याआधीच त्याला नाव आणि हाक पक्की कळावी लागते. त्यानंतर दावणीतल्या शेळ्या-मेंढ्यांजवळ त्याला पट्ट्यासह रोज उभे करावे लागते. मेंढरावर झेपावणारा कुत्रा गावात कोणी ठेवून घेत नाही. एकदा कोकरू धरल्याची चटक लागली की ती सुटणे फार कठीण. सशाच्या पाठलागाची हौस असलेल्यांसाठी दोरीने ओढलेले कापडी बाहुले हा निरुपद्रवी पर्याय आहे. गावोगावच्या श्वान शर्यतींतही धावण्याची भूक भागते. मात्र तेथे जिवंत ससा सोडला गेला, तर तो खेळ राहत नाही.

शरीराची घाई ही दुसरी चूक. मोठ्या चणीच्या कुत्र्याच्या हाडांची वाढीची टोके साधारणतः बारा ते पंधरा महिन्यांपर्यंत पुरती मिटत नाहीत. आठव्या-नवव्या महिन्यात पिल्लू दिसायला पूर्ण वाढलेले वाटते आणि तेथेच मालक फसतो. त्या वयात कठीण जमिनीवर वारंवार गिरक्या घेत पळवल्यास सांधे कायमचे दुखावू शकतात. उन्हाचा धोका वेगळाच. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकणे हाच शरीर थंड करण्याचा मुख्य मार्ग. एका जोरदार धावेनंतर ग्रेहाउंडसारख्या जातीच्या कुत्र्याचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. म्हणून सूर्योदयाआधीची वेळ, छोटी धाव, मग सावली आणि पाणी हा क्रम मोडू नये. शाळूची काढणी झाली की रानात उरणारी धसकटे छाती आणि पायांना जखमा करतात. कुसळे बोटांच्या बेचक्यांत शिरतात, सराट्यांनी तळवे फुटतात. घरी परतल्यावर चारही पंजे बोटे फाकवून पाहणे आणि कान तपासणे हे पहिल्या हंगामातील न चुकवण्याचे काम. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी आधीच टोचून घेतलेल्या हव्यात. त्यात पिल्लाबरोबर माळावरच्या लांडग्या-खोकडांचेही हित आहे.

अलीकडे पुण्या-मुंबईचे हौशी लोक जत-आटपाडीकडून पिल्ले नेतात. बंगल्याच्या अंगणात ते पिल्लू शांत, लाजाळू वाटते, आणि घरात ते खरोखरच तसे असते. मग एखाद्या पहाटे फाटकाबाहेर मांजर पळते आणि हातातला पट्टा सुटतो. रस्त्याच्या पलीकडून येणारी मोटार त्याला दिसत नाही, कारण त्याची नजर मांजरावर खिळलेली असते. माणच्या मेंढपाळाचे पिल्लू तोवर महिनाभर कळपाच्या कडेने चालायला शिकलेले असते. दिवाळीनंतर कळप खालच्या मुलखाकडे निघतात तेव्हा तेही सोबत जाते, पहिले काही दिवस दोरीला बांधलेले, पुढे मोकळे.