मिरजेचे पणजोबा कुठल्या दप्तरात?

टोरांटोत वाढणाऱ्या नातवाला शाळेतून घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगतात आणि फोन येतो मिरजेला. आजोबांचे नाव सांगता येते, पणजोबांचेही बहुतेक वेळा येते. त्याच्या वर गाडी अडते. मग ठरलेले उत्तर येते, ‘त्यांच्याकडे सगळं लिहून ठेवलेलं असतं रे, आपल्याकडे कुठलं काय!’ या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. कॅनडात सगळे लिहिलेले नाही, आणि मिरजेत काहीच नाही असेही नाही.

कॅनडाचे उदाहरण मिरजेतूनच घेऊ. ज्यांच्या नावाचे हॉस्पिटल मिरजेत आहे आणि ज्यांच्या नावावरून वानलेसवाडी ओळखली जाते, ते डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. त्यामुळे पुष्कळांना ते अमेरिकनच वाटतात. जन्म मात्र कॅनडातला, ऑन्टारियो प्रांतातला, १८६५ सालचा. आता गंमत पाहा. ऑन्टारियोत जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली १८६९ मध्ये. म्हणजे ज्या डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, त्यांच्या जन्माच्या वेळची सरकारी नोंद त्यांच्या मायदेशातही असणे शक्य नाही. शोधायचेच तर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या उलटाव्या लागतील, आणि त्यासाठी आधी कुटुंब कुठल्या पंथाचे, कुठल्या गावचे हे ठाऊक हवे. आपल्यासारखेच!

कॅनडा खरोखर पुढे आहे तो जनगणनेच्या बाबतीत. तिथे घरोघरी भरलेले मूळ तक्ते ९२ वर्षांनी जनतेला खुले होतात. १९३१ चे तक्ते जून २०२३ मध्ये खुले झाले. ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, धर्म, जन्मस्थान घरबसल्या, फुकट पाहता येते. हे ऐकून इथला हौशी माणूस विचारतो, मग आपल्याकडच्या जनगणनेत माझे पणजोबा कुठे पाहू? कुठेच नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय ठेवली आहे आणि अमुक वर्षांनी ती उघडेल अशी तरतूद त्यात नाही. ‘१९३१ च्या जनगणनेत आमची जात लागलेली आहे’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून मोर्चापर्यंत ऐकू येते. त्या अहवालात असतात ते आकडे: अमुक जातीचे अमुक लोक. माणसांची नावे त्यात नाहीत.

दुसरीकडे, मराठी कुटुंबांचा कॅनडातला अध्याय त्या अभिलेखागारात शोधणे हेही बहुधा व्यर्थ जाते. तिथल्या जहाजांच्या प्रवासी याद्या १९३५ पर्यंतच्या आहेत. नंतरच्या आगमनाच्या नोंदी त्यांच्या स्थलांतर खात्याकडे आहेत. आपले लोक तिकडे गेले ते मुख्यतः १९६७ मध्ये स्थलांतरितांच्या निवडीसाठी गुणांकन पद्धत आल्यानंतर. तेव्हा काका कधी उतरले याचा सर्वांत सोपा पुरावा काकांचा जुना पासपोर्ट. तो टाकू नका म्हणावे.

गैरसमज: जिल्हा सांगली, म्हणजे कागद सांगलीत

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा खाणारा गैरसमज हाच. ‘सांगली जिल्हा’ हे नाव १९६० चे. त्याआधी १९४९ पासून तो ‘दक्षिण सातारा’ होता. आणि मिरज ब्रिटिश हिंदुस्थानात कधी नव्हतीच. ८ मार्च १९४८ पर्यंत तिथे पटवर्धनांचे संस्थान होते. तेही एक नव्हे. चिंतामणराव आप्पासाहेब १८०१ च्या सुमाराला वेगळे झाले आणि सांगलीचे संस्थान उभे राहिले. १८२० मध्ये मिरजेची पुन्हा वाटणी होऊन थोरली पाती आणि धाकटी पाती झाली. धाकट्या पातीची राजधानी बुधगाव. आज बुधगावला एसटीने जाणाऱ्याला आपण दुसऱ्या राज्यात शिरतो आहोत असे वाटायचे कारण नाही. पणजोबांच्या काळी ते तसे होते.

आजूबाजूला पाहा. तासगाव पटवर्धनांचेच, पण वारस नसल्याने १८४८ मध्ये खालसा होऊन ब्रिटिशांकडे गेले. वाळवे, खानापूर हे ब्रिटिश सातारा जिल्ह्याचे तालुके. आटपाडी औंध संस्थानात. जत स्वतंत्र संस्थान. आणि उलट बाजूने, मिरज थोरल्या पातीच्या मुलखात पार धारवाडकडचे लक्ष्मेश्वर, तर सांगली संस्थानात मंगळवेढे, तेरदाळ आणि शिरहट्टी. या शेवटच्या चार गावांपैकी मंगळवेढे सोडून बाकी तिन्ही आज कर्नाटकात आहेत. घरात एखादी आख्यायिका असते की ‘पणजोबा कानडी मुलखात जन्मले, का ते देव जाणे’. देवाला विचारायला नको. सांगली दरबारात कारकून असलेल्या माणसाची बदली शिरहट्टीला होणे ही आज कोल्हापूरला बदली होण्याइतकीच साधी गोष्ट होती.

म्हणून शोध सुरू करताना आडनावाआधी तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात: गाव कोणते, साल कोणते आणि त्या साली तिथे अंमल कोणाचा. हे ठरले की दार ठरते. तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष हे पहिले दार सगळ्यांनाच. ब्रिटिश मुलखातल्या गावाचे वतन, इनाम, देवस्थान असेल तर पुण्याचे पुराभिलेखागार, ज्याला जुने लोक अजून पेशवे दप्तर म्हणतात. संस्थानी गाव असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही चौकशी करावी. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत संस्थानांचा इंग्रजांशी झालेला पत्रव्यवहार आहे खरा, पण त्यात दरबारचे राजकारण, दत्तकाचे वाद, तोफांच्या सलाम्या. तुमचे पणजोबा जहागीरदार नसतील तर तिकिटाचे पैसे वाचवा.

गैरसमज: कागद फक्त वतनदारांचे

‘आम्ही काय इनामदार होतो का, आमचे कागद असायला?’ असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि ते चुकत आहेत. गावोगावी पाटील-कोतवाल जन्ममृत्यूची जी नोंद ठेवत, ती गाव नमुना १४, तिला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. तिच्यात जमीन नसलेलाही आहे. एक मात्र ध्यानात ठेवायचे: बारशाआधीच नोंद होई, त्यामुळे बाळाचे नाव बहुतेक वेळा नसते, ‘अमक्यास मुलगा’ एवढेच असते. पणजोबांच्या नावाने शोधाल तर ते सापडणार नाहीत. त्यांच्या वडिलांच्या नावाने शोधा.

महार वतन हे वतनच होते, आणि ते १९५८ च्या कायद्याने संपेपर्यंत त्याची वारसनोंद, वाटणी, तक्रार हे सगळे सरकारदरबारी लिहिले जात होते. कित्येक दलित घराण्यांची तीन-चार पिढ्यांची नावे त्या नोंदींत मिळू शकतात, आणि तिकडे बघायला फारसे कोणी जात नाही. सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या शेतकरी घरांसाठी आणखी एक जिवंत दप्तर आहे, ते म्हणजे हेळवी. बैलावरून येणारा, चोपडीतली वंशावळ वाचून दाखवणारा आणि धान्याची बिदागी घेऊन जाणारा हेळवी आता क्वचित दिसतो. दिसला तर त्याला नुसते पायलीभर जोंधळे देऊन वाटेला लावू नका; त्याच्या चोपडीतले तुमच्या घराचे पान उतरवून घ्या.

आणि मिरजेचे सतारमेकर? ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस सरले आणि तेच हात तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या एका उदाहरणात पुढचा गैरसमजही निकालात निघतो, की आडनाव म्हणजे घराणे. शिकलगारांचे सतारमेकर झाले; धंदा बदलला, आडनाव बदलले, रक्त तेच. उलट कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही हुद्द्यांची नावे. दोन गावच्या दोन पाटलांचे एकमेकांशी काहीही नाते नसू शकते. सरकारने २०२३ पासून कुणबी नोंदी शोधून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या, तेव्हा यादीत आपले आडनाव दिसताच पेढे वाटणारेही निघाले. आडनाव जुळणे ही सुरुवात आहे. त्या नोंदीतल्या माणसापासून आपल्यापर्यंतची प्रत्येक कडी कागदाने जोडावी लागते.

वंशावळ हाती आली की तीच अंतिम, असेही अनेकांना वाटते. वंशावळ कशासाठी लिहिली गेली हे आधी विचारावे. जुन्या दप्तरातल्या बहुतेक वंशावळी वतनाच्या भांडणात दाखल केलेल्या आहेत. दावा सांगणारा आपली शाखा ठळक काढतो, चुलत्याची गाळतो. मुली तर जवळजवळ सगळ्याच गळतात. दत्तकाने शाखाच बदलते आणि जन्मदात्या घराचा धागा तुटतो. छापील कुलवृत्तांतही घरोघरून आलेल्या माहितीवर उभे आहेत. ज्या घराने पत्राला उत्तर दिले नाही ते घर पुस्तकात नाही. तीर्थोपाध्यायांच्या वह्या मला त्यामानाने अधिक भरवशाच्या वाटतात, कारण नाशिक-त्र्यंबकेश्वरला पिंडदानाला गेलेल्या माणसाला खोटे सांगून काही मिळणार नव्हते. त्या वह्या गावावार असतात. हरिद्वारच्या अशाच वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळी संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले.

शाळेचे जनरल रजिस्टर हाही उत्तम कागद. जात, जन्मगाव, पालकाचे नाव एका ओळीत. फक्त जन्मतारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. १ जूनला जन्मलेली माणसे महाराष्ट्रात इतकी का, हे कुठल्याही जुन्या गुरुजींना विचारा.

राहिली मोडी. ‘ती आता कोणाला येते?’ हा प्रश्न शिळा झाला. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते आणि लिप्यंतर करून देणारे जाणकार मिळतात. खरी मेख अक्षरांत नसून तारखांत आहे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले दिसले की नवखा घाबरतो. एक, साठ, शंभर, हजार यांची ती बेरीज आहे: ११६१. हे सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०-६१, म्हणजे पानिपताचे वर्ष. वर्ष बदलते मृग नक्षत्राला, म्हणून मृगाआधीच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. शक असेल तर ७८. एवढे पाठ केले तरी निम्मा कागद उलगडतो.

मोडी कागदांच्या बळावर या गावात काय उभे राहू शकते हे पाहायचे असेल तर वासुदेवशास्त्री खरे यांचे काम पाहावे. मिरजेच्या हायस्कुलात शिकवता शिकवता त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे निवडली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडामागून खंड काढले. १९२४ मध्ये मिरजेतच ते वारले. त्या खंडांत सरदारांबरोबर कारकून, जासूद, सावकार, शिलेदार यांचीही नावे येतात. आपले आडनाव आणि गाव मनात ठेवून ते चाळायला कोणाची परवानगी लागत नाही, सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व पुरते.

आणि घरच्या ट्रंकेत एखादा मोडी कागद निघालाच तर त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. दोन्हींनी कागद कायमचा नासतो. उन्हात न नेता खिडकीजवळच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची बाजू कोरी दिसली तरी काढा, आणि फोटो टोरांटोच्या नातवाला पाठवून द्या.