‘पित्ताची गोळी’ आणि अंगावर उठणारे पित्त

शिर्डीतील औषधालयांत ‘पित्ताची गोळी द्या’ ही मागणी नित्याची आहे. रात्रभराचा प्रवास व अवेळी भोजन यांमुळे छातीत जळजळणाऱ्या यात्रेकरूस पित्त झालेले असते. अंगावर गांधी उठलेल्याचेही ‘पित्त’च उठलेले असते. शब्द एकच असल्याने कधी या दुसऱ्याच्या हातीही पँटोप्राझोलची पट्टी पडते.

या दोहोंचा संबंध केवळ शब्दापुरता नाही. माधवनिदानात शीतपित्त-उदर्द-कोठाच्या अध्यायास लागूनच अम्लपित्ताचा अध्याय येतो. आधुनिक शरीरक्रियेनुसार जाठररसातील पेप्सिन तीव्र आम्लातच कार्य करते. आम्ल दडपले गेले की दूध, अंडे, शेंगदाणा, मासे यांतील काही प्रथिने पुरती न पचता आतड्यात उतरतात आणि त्यांविरुद्ध आयजीई प्रतिद्रव्ये निर्माण होण्याचा संभव वाढतो. यालाच ‘आम’ म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. तथापि अग्निमांद्याचा विचार करणाऱ्या वैद्यास हा क्रम अपरिचित वाटू नये.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्ना येथील अभ्यासात १५२ रुग्णांना तीन महिने आम्लरोधके दिल्यावर सुमारे चतुर्थांश रुग्णांत अन्नघटकांविरुद्धची आयजीई वाढलेली अथवा नव्याने उद्भवलेली आढळली. २०१९ साली ऑस्ट्रियातील सुमारे ८२ लाख विमाधारकांच्या नोंदी तपासल्या गेल्या; आम्लरोधके घेणाऱ्यांना पुढे ॲलर्जीची औषधे लागण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले. अशा नोंदी संबंध दाखवितात, कारण सिद्ध करीत नाहीत, हे आपल्या उत्साही मित्रांनी ध्यानी ठेवावे.

शिवाय दोष केवळ परक्या औषधांवर ढकलता येणार नाही. शंखभस्म, कपर्दिकभस्म, शौक्तिकभस्म ही आपली कल्पेही आम्लाचे शमन करतात. निदानपरिवर्जन न करविता तीच महिनोन्‌महिने चालू ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही.

रक्तस्रावी व्रणाच्या किंवा नित्य ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाची आम्लरोधक गोळी मात्र वैद्याने परस्पर बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी सोडल्यास आम्ल अधिक उसळते. ती मूळ चिकित्सकाच्या संमतीने क्रमाने उतरवावी. औषधविक्रेत्या बंधूंनी ‘जळजळते की खाजते?’ एवढे तरी विचारावे. गांधींसोबत ओठ सुजले असतील वा श्वास कोंडत असेल, तर कोणतीही गोळी न देता रुग्णास त्वरित रुग्णालयात धाडावे.