चौफुल्यावरची ग्रामपंचायत

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला महामार्ग भीमानगरला भीमा ओलांडतो आणि थोड्याच वेळात टेंभुर्णी लागते. इथून एक रस्ता पंढरपूरला फुटतो, एक अकलूजला, एक कुर्डुवाडीवरून बार्शी-लातूरकडे आणि एक करमाळ्यावरून अहिल्यानगरला. गावाला औद्योगिक वसाहत आहे, जवळच गंगामाईनगरचा साखर कारखाना आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हा माढा तालुक्यातल्या या गावाच्या अंगावर त्याच्या मतदारयादीपेक्षा कितीतरी जास्त माणसं असतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना जोखमीच्या गटांत धरतो. टेंभुर्णीत हे दोन्ही गट एकाच चौकात चहा पितात. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीनं काही करायचं असतं का, हा प्रश्न मात्र ग्रामसभेत फारसा निघत नाही.

याचं एक कारण कार्यक्रमाच्या घडणीत आहे. 1986 मध्ये चेन्नईत देशातला पहिला एचआयव्ही संसर्ग नोंदला गेला. 1992 मध्ये दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) स्थापन झाली, 1998 मध्ये महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था. पैसा, किट, गोळ्या, समुपदेशक सगळं वरून खाली आलं आणि जिल्हा पातळीवरच्या नियंत्रण पथकापाशी थांबलं. जिल्हा रुग्णालयं राज्य शासनाची, प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, गटारं-दिवाबत्ती ग्रामपंचायतीची. या वाटणीत एचआयव्ही सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला गेला. अपवाद मुंबईचा. तिथे 1998 मध्येच महापालिकेच्या छत्राखाली स्वतंत्र मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था उभी राहिली. बाकी महाराष्ट्रात 73व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत आरोग्य हा विषय पंचायतींकडे दिला खरा, पण एड्सचं काम पंचायतीच्या दारावरून पुढे निघून गेलं.

स्थानिक सत्तेनं मनावर घेतलं तर काय होतं, याचा दाखला थायलंडमध्ये आहे. 1989 मध्ये राचाबुरी प्रांतात आरोग्य अधिकारी, गव्हर्नर आणि पोलीस यांनी मिळून ठरवलं की प्रांतातल्या एकाही वेश्यागृहात कंडोमशिवाय व्यवहार होणार नाही. नियम मोडला तर कारवाई बाईवर नव्हे, मालकावर. एका प्रांतात सुरू झालेली ही पद्धत दोन वर्षांत देशाचं धोरण झाली. आपल्या सांगलीत 1992 पासून ‘संग्राम’ संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या बायकांच्याच हाती कंडोमवाटप आणि माहितीचं काम दिलं. त्यातून ‘वॅम्प’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. राचाबुरीत सरकारनं जागेचे नियम बदलले, सांगलीत बायकांनी स्वतःची ताकद उभी केली. मला टेंभुर्णीसाठी दोन्हींतलं थोडं थोडं हवं वाटतं.

ग्रामपंचायतीला जागा माहीत असतात. कोणता धाबा रात्रभर चालतो, कुठल्या लॉजची घरपट्टी थकली आहे, ट्रक कुठे लागतात, हे घरपट्टीच्या रजिस्टरात आणि शिपायाच्या डोक्यात असतं. सरकारी तपासणी केंद्र ओपीडीच्या वेळेत चालतं. चालक मात्र अंधार पडल्यावर थांबतो, भाकरी खातो, दोन-चार तास पाठ टेकतो आणि पहाटे हैदराबादच्या दिशेनं सुटतो. दुपारच्या शिबिराचा फ्लेक्स त्याच्या काय कामाचा? ग्रामपंचायतीनं ट्रक लागतात तिथेच संध्याकाळनंतर एक खोली, वीज, पाणी आणि आडोसा दिला, तर बोटाला सुई टोचून केलेल्या तपासणीचं प्राथमिक उत्तर अर्ध्या तासात मिळतं. सार्वजनिक शौचालयात आणि धाब्याच्या मोरीपाशी कंडोमची पेटी लावून ती दर आठवड्याला भरायला पंचायतीला वरून कुणाची परवानगी लागत नाही. लागते ती सदस्यांची तयारी, आणि ती सहज होत नाही. ‘गावाचं नाव खराब होईल’ हे वाक्य अशा प्रत्येक ठिकाणी ऐकू येतं.

ऊसतोडीचं दुखणं वेगळं आहे. बीडकडून आलेलं जोडपं शिवारातल्या कोपीत राहतं, पहाटे फडात जातं. बाई गरोदर असेल तर तिची तपासणी गावी अर्धी झालेली असते. औषधं नसतील तर बाधित आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. वेळेत उपचार मिळाले तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे एका बाळाचं आयुष्य त्या पाच-सहा महिन्यांच्या मुक्कामात ठरू शकतं. टोळी कुणाच्या रानात उतरली आहे हे सरपंचाला कळतं, मुकादमाचा नंबर कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असतो. आशाताईंना ही यादी हंगामाच्या सुरुवातीलाच मिळाली, तर सगळ्याच गरोदर बायकांची नेहमीची तपासणी होईल आणि त्यात एचआयव्हीचीही होईल. कुणाकडे बोट दाखवायची गरज पडणार नाही.

कारण पंचायतीची खरी जोखीमही इथेच आहे. तिला जागा माहीत असतात तशी माणसंही माहीत असतात. टेंभुर्णीतून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला हासेगाव आहे. तिथल्या ‘सेवालया’तली एचआयव्हीबाधित मुलं 2009 मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुलं पाठवणं थांबवलं आणि प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. पंढरपूरच्या रस्त्यानं गेलं तर मंगलताई शहा यांची ‘पालवी’ लागते. घरांनी आणि गावांनी दूर केलेल्या बाधित मुलांना तिथे 2001 पासून आसरा मिळतो. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं शाळा, नोकरी, घर, दवाखाना इथला भेदभाव बेकायदा ठरवला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि कुणाचा अहवाल दुसऱ्याला सांगता येत नाही. सरपंचालाही नाही. म्हणून माझं म्हणणं इतकंच की पंचायतीनं जागांचा बंदोबस्त करावा आणि नावं विचारूच नयेत. ‘आपल्या गावात किती आहेत, कोण आहेत’ असा प्रश्न सदस्यानं आरोग्यसेविकेला विचारला, की त्या दिवसापासून माणसं तपासणीला तिसऱ्या तालुक्यात जातात, नाहीतर जातच नाहीत.

मदतीतसुद्धा ही काळजी घ्यावी लागते. संजय गांधी निराधार योजनेत एड्सबाधितांना मासिक अनुदान आहे. पण अर्जाचा कागद गावातल्या चार टेबलांवरून फिरणार असेल, तर कितीतरी बायका हक्काच्या पैशावर पाणी सोडतात. असा अर्ज बंद पाकिटात घेतला गेला तरी मोठं काम होईल.

पैशाचं रडगाणं इथे फारसं टिकत नाही. स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचेच असतात. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला आरोग्य अभियानातून छोटा अबंधित निधी येतो. गावाच्या विकास आराखड्यात आरोग्याचा रकाना असतोच. त्या रकान्यात ट्रकतळावरची खोली, पेट्या आणि कोपीवरच्या भेटींचं वाहनभाडं लिहायचं आहे, आणि ते बॉयलर पेटण्याआधी लिहायला हवं. कारखान्याचा पट्टा पडला की टोळ्या परततात. ज्यांचे उपचार इथे सुरू झाले, त्यांची केंद्रबदलाची चिठ्ठी त्यांच्या हातात पडलेली असली पाहिजे, म्हणजे गावाकडच्या एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) केंद्रात गोळ्यांचा खंड पडणार नाही.