गळतीच्या मागावर

पहाटे ५.३०
भुदरगडात पौषातलं पाणी हाताला चावतं. धार काढताना म्हशीजवळ बसलं, की रवंथ करता करता तिच्या गळ्यातून ढेकर वर येताना दिसतो. जनावराचा मिथेन मागून सुटतो, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर तो जवळपास सगळा तोंडावाटेच बाहेर पडतो. वाडं आणि कडबा ज्या पहिल्या पोटात आंबतो, तिथले सूक्ष्मजीव तो तयार करतात. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसीच्या २००६ सालच्या कोष्टकात म्हशीच्या नावावर वर्षाला ५५ किलो मिथेन धरला होता. हा आकडा माझ्या डोक्यात दिवसभर असतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं ‘हरित धारा’ नावाचं खाद्यपूरक तयार केलं आहे. त्यानं हे प्रमाण १७ ते २० टक्क्यांनी कमी होतं, असं संस्था सांगते. ढेकर हा माझा प्रांत नाही. मी गोबरगॅस दुरुस्त करतो, म्हणजे माझं काम शेणापासून सुरू होतं.

७.००
थंडीत फोन वाढतात. “दादा, ग्यास चढंना झालाय. च्या हुईस्तवर संपतोय.” टाकीतले जंतू ३५ अंशांच्या आसपास जोमानं काम करतात, गारठ्यात सुस्तावतात. शेण दुपारी ऊन पाण्यात कालवा, घुमटावर पाचट पसरा, एवढं फोनवरच सांगतो. पण रात्री भरलेला गॅस सकाळी चूल न पेटवताच उतरलेला असेल, तर तो थंडीचा दोष नव्हे. मग मी हातातला चहा तसाच ठेवून निघतो.

८.४५
पहिलं घर. चार जनावरं, दोन घनमीटरचं ‘दीनबंधू’, म्हणजे जमिनीत पुरलेला विटांचा घुमट. रोज ५० किलो शेण, तेवढंच पाणी. नीट चाललं तर महिन्याला दीड सिलिंडरचं काम भागतं.

कॉक बंद करून मॅनोमीटरच्या नळीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करतो आणि थांबतो. पाणी खाली सरकू लागतं. शुद्ध मिथेनला वास नसतो. नाकाला जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो सोबतच्या हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो वायू जास्त झाला तर नाकालाच बधिर करतो. म्हणून नाकावर विसंबायचं नाही. साबणाचा फेस करून ब्रशनं एकेक सांधा माखायचा. स्वयंपाकघरातला रबरी पाइप ठीक आहे. घुमटातून लोखंडी नळी जिथं वर येते, तिथं मात्र फेसाला फुगे धरतात. घुमटावरची माती पावसात वाहून गेली होती, उघड्या पडलेल्या गिलाव्याला उन्हानं बारीक चीर गेली होती.

काकू म्हणतात, “थोडा जातोय, तर जाऊ द्या की. शेण काय इकत आणत न्हाई आमी.”

मी त्यांना हिशोब मांडून दाखवतो. रोजच्या गॅसचा चौथा हिस्सा गळला तर अर्धा घनमीटर. त्यात मिथेन साधारण ६० टक्के. वजन धरलं तर दिवसाला २०० ग्रॅम, वर्षाला ७० किलोंच्या वर. म्हणजे ही चीर काकूंच्या गोठ्यातली पाचवी म्हैस आहे, दूध न देणारी, नुसता मिथेन सोडणारी.

जाळलेला एक किलो मिथेन पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, आणि तो कार्बनही गेल्या हंगामात वैरणीनं हवेतूनच घेतलेला असतो. तोच किलो न जळता निसटला, तर शंभर वर्षांच्या हिशोबात सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, वीस वर्षांच्या हिशोबात ८० किलोंइतकी. उकिरड्यावर शेणाला हवा लागते, त्यामुळे तिथं मिथेन कमी तयार होतो. आपण मात्र टाकी बांधतो तीच मुळी हवा तोडून मिथेन जास्तीत जास्त निघावा म्हणून. तो सगळा शेगडीपर्यंत पोचलाच पाहिजे. गळकी टाकी उकिरड्यापेक्षा वाईट.

चीर खरवडून सिमेंट भरतो. वर पुन्हा माती ओढायचं काम काकूंचा मुलगा करतो.

१२.००
दुसऱ्या गावातली टाकी काही वर्षं बंद आहे. तळाशी गाळ घट्ट बसला आहे. घरातला तरुण पायजमा वर खोचून तयार. “मी उतरतो, धा मिंटाचं काम.”

नाही. इथं मी कुणाचंही ऐकत नाही, मग घरधनी कितीही रागावो. मिथेन हलका, वर निघून जातो, पण कार्बन डायऑक्साइड आणि सल्फाइड तळाशी बसून राहतात. प्राणवायू किती उरला आहे, हे वरून दिसत नाही. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि एका घरातली दोन-तीन माणसं जातात. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला, तर एक बिडी पुरते. झाकण काढून ठेवतो, भोवती काटेरी फांद्या रचतो, विडी-काडी लांब ठेवायला सांगतो. काही दिवस उघडी राहू दे. मग ब्लोअर लावून, दोर बांधून, वर दोन माणसं ठेवून बघू.

२.३०
संडास जोडलेली टाकी. आजींचा सवाल ठरलेला: “त्या ग्यासवर देवाचा निवद कसा रांधू?” मी देहूच्या डॉ. मापुसकरांची गोष्ट सांगतो. गावात रोगराई बघून त्यांनी घराघरात संडास नेला, तो बायोगॅसला जोडला, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते, हेही सांगतो. आजी ऐकून घेतात आणि निवदापुरती चूल वेगळी ठेवतात. रोजची भाकरी गॅसवर होते, धूर डोळ्यांत जात नाही. एवढं मला पुरे.

मागच्या कुंडीतली स्लरी अजून बुडबुडते, म्हणजे मिथेन अजून निघतो आहे. तिथं नुसती साचू न देता पालापाचोळ्यावर पसरायला लावतो. हवा लागली की हे थांबतं, आणि खतही चांगलं होतं.

५.३०
ग्रामपंचायतीजवळ कॉलेजातला एक मुलगा गाठतो. “आपल्या चार टाक्यांनी जगाचं काय हुनार?”

प्रश्न रास्त आहे. औद्योगिक क्रांतीपासूनच्या तापमानवाढीत मिथेनचा वाटा सुमारे ३० टक्के. २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेन कमी करण्याचा जागतिक संकल्प झाला, त्यावर भारतानं सही केली नाही. दोन जनावरांवर जगणाऱ्या माणसाकडे बोट दाखवू नये, ही भूमिका मला मनापासून पटते. पण गळती ही कुणाच्या पोटाची गरज नव्हे. तिच्यावर कुणाचं पोट चालत नाही. आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं रेंगाळतो, तर मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो. आज अडवलेल्याचा फरक या मुलाला चाळिशीच्या आत दिसेल. शिवाय मिथेनमुळे जमिनीलगत ओझोन वाढतो. तो गव्हा-सोयाबीनचं उत्पन्न घटवतो, आणि आपल्या छातीलाही वाईट.

७.००
बचत गटाची बैठक. नवी टाकी बांधली की उद्घाटन होतं, पाहुणे येतात. दहा वर्षांनी ती गळते का, हे पाहायला कुणी फिरकत नाही. ते काम याच बायका करू शकतात. फेस किती घट्ट हवा, खूण कुठं करायची, कोणत्या सांध्याला आधी हात घालायचा, हे शेगडीवरच करून दाखवतो. एकीनं लगेच वहीत गल्लीतल्या टाक्यांची यादी काढली. दुसरी विचारते, वर्षातून एकदा तपासलं तर चालेल का? दोनदा, मी सांगतो: पाऊस सरल्यावर एकदा, आणि शिमग्यानंतर ऊन तापायला लागलं की पुन्हा.