तापात झटका आला तर

लेकराला ताप चढतो. एकाएकी डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय झटके देतात. आईच्या तोंडचे पाणी पळते. कोणी म्हणते, बाहेरचे झाले. कोणी कांदा फोडून नाकाला लावते, कोणी चप्पल हुंगवते. नांदेड-लातूरकडे आम्ही हे पुष्कळदा पाहिले.

कांदा लावला नि झटका थांबला, असे वाटते. पण तो आपोआपच थांबणार होता. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा मेंदू कोवळा असतो. काही मुलांना ताप सोसत नाही, म्हणून झटका येतो. बहुधा तो थोड्या मिनिटांत थांबतो. अशा साध्या झटक्याने बुद्धीला बाध येत नाही.

मग करावे काय? मुलाला कुशीवर निजवावे. कपडे सैल करावेत. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, पाणी, औषध काहीच घालू नये. पाणी श्वासात जाते. घड्याळ पाहावे. ५ मिनिटांत झटका थांबला नाही, पुन्हा आला किंवा मूल शुद्धीवर येईना, तर १०८ ला फोन करावा. ती गाडी फुकट येते.

झटका थांबला तरी लगेच डॉक्टरला दाखवावे. मेंदूज्वरातही असेच झटके येतात, आणि तिथे उशीर जिवावर बेततो. अंगारा लावायचाच तर मागून लावा. आधी दवाखाना गाठा.