एक जूनची पंच्याहत्तरी

खेड्यातल्या कुठल्याही मराठी शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडून पाहावे. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच तारीख दिसते, १ जून. आईबापाला तारीख ठाऊक नसे. गुरुजी पोराकडे बघून वय धरायचे आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून १ जून लिहून मोकळे व्हायचे. घरात विचारले तर उत्तर वेगळेच मिळे. 'रझाकाराच्या वर्साला झाला', 'पानशेत फुटलं तवा रांगत हुता.' रझाकार म्हणजे १९४८, पानशेत म्हणजे १९६१. आपल्याकडे माणसाचे वय असे गावावर आलेल्या संकटावरून मोजले जाई.

आता त्याच १ जूनला गावोगाव पंच्याहत्तऱ्या साजऱ्या होतात. चौकात फलक लागतो, मांडव पडतो, शाल-श्रीफळ होते, पंगती उठतात. म्हाताऱ्या माणसाचे कौतुक व्हावे, यात वावगे काही नाही. पण भाषणे पुढाऱ्यांची होतात आणि ज्याचा सत्कार तो खुर्चीवर गप्प बसून राहतो. 'आबा, तुमी काय कमावलं?' असे कुणी विचारत नाही. विचारले तरी आबा म्हणणार, 'आमी कसलं कमावतोय? रानात राबलो, झालं.'

जमेची बाजू

आबांना वाटते तेवढी ही बाजू रिकामी नाही. १९५० च्या आगेमागे जन्मलेली ही पिढी १९७२ च्या दुष्काळात ऐन विशी-बाविशीत होती. बायामाणसांसकट सगळे कामावर गेले. खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलावावर पाट्या वाहिल्या. कामावर सुकडी मिळायची, रेशनला परदेशातून आलेला तांबडा मिलो. त्याच कामांतून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ इथल्या बांधावर आहे.

याच लोकांनी संकरित ज्वारी पहिल्यांदा पेरून पाहिली. भाकरीला चव नाही, अशी कुरकुर करत का होईना, पण कणगी भरली. मोटेच्या जागी इंजिन आले, इंजिनाच्या जागी वीजपंप. एका म्हशीच्या दुधावर सोसायटीत खाते निघाले आणि त्या पगारातून पोरे शिकली. पडीक माळ फोडून त्याचे रान केले. याची नोंद कुठल्या मानपत्रात नसते. ती सातबाऱ्यावर असते आणि गावच्या तळ्यात साठलेल्या पाण्यात असते.

नावेची बाजू

हिशेब मांडायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले. पाणी उपसताना ते पुन्हा जिरवायचे भान सगळ्यांनी ठेवले नाही. बांधावरची झाडे गेली. दहा एकरांचे तुकडे पडत पडत दीड-दोन एकरांवर आले. आणि घरातल्या बाईने जन्मभर खुरपले, पण बहुतेक ठिकाणी सातबाऱ्यावर तिचे नाव चढले नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा काहींनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. बाकीच्यांचे राहून गेले ते राहूनच गेले. पंच्याहत्तरी बहुतेक आबांचीच होते, आजीची क्वचित, हेही त्यातलेच.

मांडवाआधी कागद

म्हणून घरच्यांना सांगणे एवढेच, की मांडव घालण्याआधी कागद काढा. वाटणी तोंडी असेल तर ती कागदावर आणा. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. बहिणींना बोलावून, विचारून हे व्हावे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. म्हातारा बसता आहे तोवर भावंडे एका सतरंजीवर बसतात. तो गेला की तीच भावंडे कोर्टाच्या पायरीवर भेटतात, हे कुठल्या गावाला नवे नाही.

मात्र म्हाताऱ्यांनीही सगळे देऊन हात रिकामे करू नयेत. आपल्या पोटापुरते रान आपल्या नावावर राहू द्यावे. बक्षीसपत्र करायचेच तर त्यात सांभाळाची अट लिहून घ्यावी. अशी अट असूनही पोराने सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे दाद मागता येते आणि ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते.

गावच्या कारभाऱ्यांनाही इथे काम आहे. एसटीचा मोफत प्रवास पंच्याहत्तरीनंतर, श्रावणबाळ योजनेचे वेतन ६५ नंतर. दोन्हीकडे वयाचा पुरावा लागतो. आधार कार्डावर एक साल, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि म्हातारा हेलपाटे घालतोय, हे चित्र बरे नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच यांनी एक दिवस चावडीवर बसून असे कागद जुळवून दिले, तर तो सत्कार शालीपेक्षा ऊबदार होईल.

आणि त्याच दिवशी शाळेतल्या पोरांना वही घेऊन आबांपुढे, आजीपुढे बसवावे. कुठली विहीर कुणी खोदली, कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी होते, बहात्तरला गाव कसे तगले, हे लिहून घ्यावे. जन्मतारीख अंदाजाने लिहिली गेली, ते चालून गेले. केलेले काम तरी अंदाजावर सोडू नये.